कमरेवरचं कडं

भिवाजी विहिरीतल्या मोटारी काढायचा. मंगरूळपीरच्या आसपास कुठल्याही गावात मोटार गाळात रुतली की फोन त्यालाच यायचा. दोराला धरून तो खाली उतरायचा, ओलाचिंब वर यायचा आणि अंग न पुसताच चादर कमरेला गुंडाळून काठावर बिडी ओढत बसायचा. त्या ओलीपायी त्याच्या उजव्या कमरेवर नायट्यानं कायमचं ठाण मांडलं होतं. मेडिकलमधून ट्यूब आणायची, चार दिवस लावायची, गेला म्हणायचं आणि पुन्हा कराकरा खाजवत बसायचं. चंपाबाई, त्याची बायको, कावायची.

"अवं, डाक्तरले दाखवा ना एकडाव!"

"दाद-खाजीले कोनी डाक्तर करते का?" म्हणून तो हसण्यावारी न्यायचा.

एका दुपारी मोटार वर काढून झाल्यावर तो काठावर टेकला, तो उठलाच नाही. काळजानंच दगा दिला. घरी आणला तेव्हा चादर कमरेला तशीच होती.

चंपाबाईनं रडून घेतलं. पुण्यानुमोदनाचा विधी झाला, लोक जेवून गेले, भिवाजीचे कपडे वाटून दिले. चादर तेवढी तिनं दिली नाही, धुतलीही नाही. चादरीला ऑइलचा, शेवाळाचा, बिडीचा वास होता. झोपताना ती चादर ती स्वतःच्या कमरेला लपेटून घ्यायची, मग कुठं डोळा लागायचा. तीन-चार महिन्यांनी मुलाला, प्रसेनजितला, मुलगी झाली. तिचं नाव ठेवलं धम्मदीपा. आज्यानं नातीचं तोंड पाहिलं नाही, हा सल चंपाबाईच्या मनात रुतून बसला.

सोयाबीन निंदायचे दिवस होते. दुपारी न्हाणीत लुगडं सोडलं आणि तिचा हात कमरेवर थबकला. खडबडीत लागलं. तिनं आरसा आणून पाहिलं. उजव्या कमरेवर, जिथं भिवाजीला होतं नेमकं तिथंच, रुपयाएवढं लाल कडं उठलं होतं. कड उचललेली, कोंडा धरलेली. मधली कातडी मात्र साफ.

तिनं आरसा पालथा घातला.

आता, चंपाबाई काही भुताखेताला मानणारी बाई नव्हती. तिच्या सासऱ्यानं दीक्षा घेतली त्या दिवसापासून घरात गंडा नाही, लिंबू नाही. कुणाच्या अंगात आलं म्हटलं तर पहिली हसणारी हीच. माणूस गेला की गेला, आत्मा-बित्मा काही नसतो, हे तिनं विहारात इतर बायांना समजावून सांगितलेलं. त्यामुळं आता बोलायचं कुणाशी? हसणाऱ्या बाईचंच हसं व्हायचं. तिनं तोंड शिवून घेतलं.

कडं रोज संध्याकाळी खाजायचं. भिवाजी कामावरून यायचा ती वेळ. चुलीपुढं बसल्या बसल्या कमरेवर कुणी बोट फिरवावं तसं व्हायचं आणि तिचं पीठ मळणं थांबायचं. "आले का?" असं तिच्या तोंडून निघून जायचं. मग ती दचकून दाराकडं बघायची. दारात कुणी नसायचं.

सुनेनं, साक्षीनं, एकदा तिला खाजवताना पाहिलंच.

"आई, काय झालं तिथी? दाखवा बरं."

"काई नाई व माय. घामोळं हाय."

साक्षी ऐकणारी नव्हती. मेडिकलमधून ट्यूब आणली आणि स्वतः लावू लागली. भिवाजी आणायचा तीच ट्यूब. चार दिवसांत लाली उतरली, आठवड्याभरात खाज गेली. साक्षी खूश. चंपाबाई मात्र संध्याकाळी चुलीपुढं बसे आणि कमरेवर काहीच होत नसे. भाकर करपायची, तिला कळायचं नाही.

मग ते परत आलं. या वेळी तळहाताएवढं. आणि एक नव्हे, एकात एक अशी दोन कडी. तिनं आरशात पुन्हा पुन्हा पाहिलं. बाहेरचं कडं त्याचं आणि आतलं आपलं, असंच तिच्या मनानं घेतलं. हे आपल्याला न्यायला आले. तिला भीती वाटली, आणि त्या भीतीत कुठंतरी बरंही वाटलं. तिनं ट्यूब शेणखताच्या ढिगात खुपसून दिली.

खाजवून खाजवून कातडी सोलवटली. पू धरला, पिवळ्या खपल्या आल्या, ताप चढला. गावातल्या डॉक्टरच्या गोळ्यांनी फरक पडेना. लाली मांडीपर्यंत उतरली आणि चंपाबाई तापात भिवाजीशी बोलू लागली, तेव्हा प्रसेनजितनं तिला गाडीत घालून वाशीमच्या दवाखान्यात भरती केलं.

तिथल्या चामडीच्या डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण सबुरीच्या होत्या. त्यांनी कड खरवडून काचेवर घेतली, पू तपासायला पाठवला. सलाइनमधून दुसरं औषध सुरू झालं, आणि दोन-तीन दिवसांत ताप उतरला. सकाळी त्या पलंगाशी स्टूल ओढून बसल्या. साक्षी चहा आणायला गेली होती.

"मावशी, दोन दुखणी आहेत तुम्हाला. एक बुरशी. ती कातडीचा वरचा मेलेला थर खाते. मधलं खाऊन झालं आणि अंगानं तिथून तिला हुसकावलं, की ती बाहेर सरकते. म्हणून गोल दिसते."

"अन् एकात एक दोन, थे कसे?"

"ट्यूब लावली होती ना? त्या ट्यूबमधलं एक औषध लाली दाबतं, पण अंगाचा पहारापण झोपवतं. खाज थांबते, बुरशी मरत नाही. मग ती मोकळ्या रानात पुन्हा पेरल्यासारखी उगवते, आधीच्या कड्याच्या आतसुद्धा."

"अन् हा पू?"

"ते जिवाणू. तुम्ही खाजवलंत, कातडी उघडी पडली, ते आत शिरले. बुरशीचं आणि त्यांचं जुनं वैर आहे. काही बुरश्या जिवाणूंना मारायला स्वतःच औषध बनवतात, पेनिसिलिनच्या जातीचं. त्यात कमजोर जिवाणू मरतात, चिवट तेवढे शिल्लक राहतात. तुमच्या पुवातले असेच चिवट निघाले. ते कुठं चिवट झाले ते सांगता येत नाही, पण त्या साध्या गोळ्यांना दाद देईनात, एवढं खरं."

चंपाबाईनं दाराकडं पाहिलं, साक्षी अजून आली नव्हती. मग तिनं हळूच विचारलं, "माह्या मालकाले इथीच होतं. थे जाऊन वरीस झालं. त्यायची चादर मी कमरेले बांधून झोपतो. हे... हे त्यायचंच हाय का?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

"चादर धुतली होती?"

"नाई."

"मग बहुतेक त्यांच्याच अंगावरची. तिचं बी न धुतलेल्या कपड्यात वर्षभरसुद्धा टिकतं."

"जिवंत?"

"जिवंत. मावशी, ती चादर उकळा नाहीतर जाळा. नाहीतर हे जाणार नाही."

इतक्या दिवसांचं ओझं एका शब्दानं उतरावं तसं झालं, आणि दुसऱ्याच क्षणी दुप्पट होऊन बसलं. भूत नव्हतं. पण भिवाजीच्या अंगावर जगलेलं काहीतरी खरोखरच अजून जगत होतं, तिच्या अंगावर. आणि ते आता मारायचं होतं.

घरी आल्यावर साक्षीनं घरातली सगळी पांघरुणं उकळून काढली. चादरीचं विचारलं तेव्हा चंपाबाई म्हणाली, "थे मी टाकून देली." चादर पेटीच्या तळाशी होती. ती कमरेला बांधत नव्हती, एवढंच. दुपारी घरात लेकराशिवाय कुणी नसलं की पेटी उघडायची, वास घ्यायची, मांडीवर पसरून बसायची. धम्मदीपा रांगत येऊन त्याच मांडीवर झोपायची.

एका दुपारी तिनं नातीचं तोंड पदरानं पुसलं, तर गालावर कोंडा लागला. लेकराला उजेडात धरलं. गालावर इवलंसं, गोल, लाल कडं.

पहिल्यांदा काय वाटलं ते तिनं पुढं फक्त साक्षीला सांगितलं. तिला आनंद झाला. आज्यानं नातीचा मुका घेतला, असं वाटलं. तेवढ्यात लेकरानं नखानं गाल ओरबाडला आणि भोकाड पसरलं. चंपाबाईनं तिची बोटं मुठीत धरली.

साक्षी शेजारून धावत आली. चंपाबाईनं लेकरू तिच्या हाती दिलं आणि अंगणात तीन दगडांवर हंडा चढवला. पेटीतून चादर आणली. साक्षी बघतच राहिली.

"आई, हे तं टाकून देली होती ना तुमी?"

"खोटं बोल्ली होती."

पाणी खळखळलं तशी तिनं चादर आत सोडली आणि काठीनं दाबून धरली. पाणी काळपट झालं. बिडीचा, ऑइलचा वास वाफेबरोबर एकदाच अंगणभर पसरला आणि विरून गेला. ती हंड्यात वाकून बोलत होती.

"माह्यापाशी राह्यले, थे ठीक. मी काई म्हनलं नाई. पन लेकराले हात लावाचा नाई. लय झालं आता. जा."

साक्षीनं हे सगळं ऐकलं. ती हसली नाही. लेकराला कडेवर घेऊन ती सासूशेजारी काठीला हात लावून उभी राहिली.

धम्मदीपाचा गाल डॉक्टरीणबाईंच्या मलमानं महिन्याभरात साफ झाला. चंपाबाईला गोळ्या कितीतरी आठवडे खाव्या लागल्या. मधे खाज थांबली तरी साक्षीनं एक गोळी चुकू दिली नाही. शेवटच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी कमर दाबून पाहिली, पुन्हा काचेवर खरवड घेतली आणि म्हणाल्या, "आता काही नाही, मावशी. डाग तेवढा राहील, तोही पुसट होईल."

दोघी सासू-सुना वाशीमच्या बसस्टँडवर आल्या. मंगरूळपीरची गाडी लागली होती. साक्षी चढायला निघाली, पण चंपाबाई बाकावरून उठेना.

"आई, चला ना. काहून बसल्या?"

"गेले व माय," चंपाबाई म्हणाली. "आता गेले तुहे सासरे."

आणि इतके दिवस आत अडून राहिलेलं रडणं आलं. लोक वळून बघत होते. कंडक्टरनं घंटी मारली. साक्षीनं पिशवी खाली ठेवली, सासूच्या बाजूला बसली आणि ती गाडी जाऊ दिली.