फोटोखालची गोष्ट

"आधी बस, मंग काढ काय काढाचं ते," असं म्हणत त्या मांडीवरचं फाटकं पोतं बाजूला सारत आणि माझ्यासाठी जागा करत. कॅमेरा घेऊन आलेल्या माणसाला उभं ठेवणं त्यांना पटायचं नाही.

माझ्या आईच्या वयाच्या होत्या. मलकापुरात रुळांपलीकडच्या वस्तीत राहायच्या आणि व्यापाऱ्यांची उसवलेली, उंदरांनी कुरतडलेली पोती दाभणानं शिवून द्यायच्या. जवळची कापसाची जिनिंग गिरणी बंद पडल्यापासून निम्मी वस्ती असलंच काहीबाही करून जगत होती. मी तिथल्या माणसांचे फोटो काढायचो आणि प्रत्येक फोटोसाठी एक गोष्ट रचायचो. फोटो खरा, गोष्ट कल्पनेतली. त्याचं पुस्तक करायचं होतं.

वर्षभर मी त्यांच्या ओट्यावर बसलो. त्यांचे यजमान जिनिंगमधले, आता घरीच. अबोल माणूस. भाकरी तेच थापायचे, कारण पोती शिवून बाईंची बोटं आखडायची.

"माह्यापेक्षा गोल करते हा माणूस," त्या हसून सांगायच्या. "पन कोनाले सांगू नको, लाजते."

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी लिहायला बसल्यावर ते फिकं वाटलं. भाकरी थापणाऱ्या नवऱ्यात वाचकांना काय दिसणार? म्हणून त्यांच्या फोटोखाली मी एक दारुडा नवरा लिहिला. आखडलेल्या बोटांचा दोषही त्याच्याच माथी मारला. तुम्ही वाचलं असतं तर तुमचेही डोळे भरले असते. अनेकांचे भरले. मला शाबासकी मिळाली.

एक प्रत मीच कौतुकानं त्यांना नेऊन दिली. पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो, तेव्हा त्यांनी मान वर केली नाही.

"वाचलंत का?" मी विचारलं.

"मले कुठं वाचता येते? त्यायनंच वाचून दाखोलं. पुरं पान."

मी घाईघाईनं म्हणालो, "ती नुसती गोष्ट आहे. पहिल्या पानावर तसं छापलंय."

"फोटो त माह्याच हाये ना?"

दाभण चालूच होतं. आवाज चढला नव्हता. "चौकातले लोक त्यायले इचारतात, बायकोवर हात काऊन उचलता. ते आता चहाले बी जात नाहीत."

तेवढ्यात यजमानच चहा घेऊन बाहेर आले. कप माझ्या हातात दिला.

"साहेब, मले त दारूचा वास बी सहन होत नाही," ते खाली बघत म्हणाले. मग, मला वाईट वाटू नये म्हणून असेल, "पन लिवलं चांगलं तुमी."

तो चहा मी कसा संपवला, आठवत नाही. माफी मागितली. पुढच्या आवृत्तीत ते पान काढतो म्हणालो. पुढची आवृत्ती निघालीच नाही, आणि ते पान जिथं जायचं तिथं पोचलं होतं.

दिवाळीनंतर गेलो तर दाराला कुलूप. शेजारच्या बाई ओट्यावर तूर निवडत होत्या.

"सुलतानपूरले गेले दोघं, लेकीकडं," त्या म्हणाल्या. "आता काही येत नाहीत."

मी लेकीचा पत्ता विचारला. त्यांनी माझ्याकडे, मग खांद्यावरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"काऊन?" त्या म्हणाल्या. "अजून काही लिहाचं राह्यलं काय?"