तीन नावांचा गट

मल्लखांबाजवळ आले की भाऊ आधी चपला काढत, मग उजवा तळहात खांबावर ठेवत आणि तो नाकाशी नेऊन हुंगत. एरंडेलाचा वास नीट आला तर मान हलवत. नाही आला तर सगळ्या आखाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत, "नेमात काय लिवलं हाय?"

अमरावतीच्या आमच्या व्यायामशाळेत त्यांना समोर सगळे भाऊ म्हणत आणि पाठीमागे 'नेमवाले'. ते राहायचे अकोल्याला. मोजणीदार होते. आठवडाभर साखळी घेऊन लोकांची शेतं मोजत फिरायचे आणि रविवारी पहाटेच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरून, तिथून मिळेल त्या वाहनानं आमच्याकडे यायचे. मी शाळेत चित्रकला शिकवायचो. अक्षर बरं होतं, म्हणून मल्लखांबाच्या स्पर्धेत परीक्षकांनी सांगितलेले गुण लिहून घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. तिथं आमची ओळख झाली. सत्तावन-अठ्ठावन साल असेल.

त्या काळी मल्लखांब म्हणजे पोरासोरांची गोष्ट. लग्न झालं, पोट सुटलं की माणूस खांब सोडायचा आणि मग जन्मभर आपण काय काय करायचो ते सांगत बसायचा. तुमच्याही ओळखीत असे दोनचार असतील. भाऊंना ते पटत नव्हतं. पस्तिशी उलटलेल्या माणसांचा वेगळा गट हवा, त्यांच्या वेगळ्या परीक्षा हव्यात, त्यांचे वेगळे नियम हवेत, असं त्यांचं म्हणणं. नुसतं म्हणून थांबणारा हा माणूस नव्हता. एका जुन्या मोजणीवहीच्या कोऱ्या पानांवर त्यांनी सगळे नियम स्वतःच लिहून आणले, आणि व्यायामशाळेच्या मंडळानं हसत हसत मंजूरही केले. म्हाताऱ्यांची हौस, आपलं काय जातं, असा एकूण सूर होता.

ती वही आज माझ्याकडे आहे. 'प्रौढ स्पर्धकास पोट आहे म्हणून गुण कापू नयेत. पोटामुळे पकड सुटल्यास कापावेत.' 'चष्मा दोरीने बांधावा. कवळी काढून जबाबदार माणसाजवळ द्यावी.' 'नातवंडांनी मध्ये हाका मारू नयेत.' 'डोके खाली असताना हात सोडण्याचे प्रकार या गटात वर्ज्य. प्रौढांच्या मागे घरदार असते.' हे शेवटचं लिहिणाऱ्याच्या मागे कोणीही नव्हतं. बायको लग्नानंतर तिसऱ्या वर्षी गेली होती, हिवरखेडची शेती थोरला भाऊ करायचा, आणि दिवाळीखेरीज त्यांचं तिकडे जाणं नव्हतं.

एक नियम वयाचा होता. 'वय खरे धरावे. शाळेच्या दाखल्यावर मास्तर वाटेल ते लिहितात.' मी म्हटलं, भाऊ, मीही मास्तरच आहे. तर म्हणाले, "तुमी चित्रं काढता, मास्तर. तुमाले नाई म्हटलं."

आणि सातवा नियम असा: 'तीन नावे आली तरच गट भरवावा.' मी कारण विचारलं होतं.

"दोघंच असले तं एक पयला येते आन् एक आखरी येते. त्याले काय स्पर्धा म्हनतात, बाप्पा? तीन पायजेत."

परीक्षा ते स्वतः घेत. अकोल्याचे एक वकील पहिल्या परीक्षेला आले होते. देह मोठा, आवाज त्याहून मोठा. खांबावर पद्मासन पाच अंक मोजेपर्यंत टिकवायचं असतं. वकिलांचं चार अंकांना सुटलं. खाली उतरल्यावर ते तासभर भांडले. अंक जलद मोजले, वारा होता, तेल जास्त होतं, सगळे मुद्दे मांडून झाले. भाऊ मान खाली घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "साहेब, तुमी लय चांगलं बोलता. पन नेमात पाच हायेत." नापास केलं, मग स्वतः वकिलांचा कोट झटकून त्यांच्या अंगावर चढवला, त्यांना टांग्यात बसवलं आणि टांगेवाल्याला बजावलं, "हळू ने, मांडी भरली हाय त्यायची." वकील पुढच्या वर्षी पास झाले आणि नंतर कधी फिरकले नाहीत. परीक्षा पास व्हायला माणसं यायची, खरं सांगायचं तर. स्पर्धेत उतरायला कोणी येत नसे.

तिथंच भाऊंचं घोडं अडलं होतं. हा सगळा खटाटोप त्यांनी कशासाठी केला ते आम्हाला माहीत होतं. त्यांना स्वतःला उतरायचं होतं. तरुणपणी साखळीमागे गावोगाव फिरण्यात वर्षं गेली, स्पर्धा अशी त्यांनी एकही केलेली नव्हती. दर हनुमान जयंतीला आमच्याकडे स्पर्धा भरायच्या. पहिल्या वर्षी प्रौढ गटात दोन नावं आली. दुसऱ्या वर्षी एकच, त्यांचं. तिसऱ्या वर्षी पुन्हा दोन. दरवर्षी सकाळी ते अर्ज तपासत, आपल्याच हातानं 'गट रद्द' असं लिहीत, सही करत, आणि परीक्षकाच्या खुर्चीत बसून दिवसभर पोरांना गुण देत. मी शेजारी बसून गुण लिहायचो. धोतराच्या आत त्यांनी नवा लंगोट कसलेला असे. तो मला दिसायचा आणि मी मान वळवायचो. मंडळातले लोक म्हणत, अहो, नियम तुमचाच, खोडून टाका की. ते म्हणत, "माहा हाय म्हनून खोडू? मंग दुसऱ्याचा बी खोडा लागन."

एकदा शाळेच्या कामानं अकोल्याला गेलो होतो, तेव्हा त्यांच्या खोलीवर गेलो. मागच्या अंगणात त्यांनी स्वतःचा खांब पुरला होता. त्याच्यासमोर थोड्या अंतरावर तीन खुर्च्या ओळीनं मांडल्या होत्या. दोन वेताच्या, एक हात तुटलेली लाकडी. मला वाटलं, पाहुणे येणार आहेत. विचारलं तर भाऊ ओशाळले.

"परीक्षकायच्या हायेत. सवय पायजे ना समोर."

आम्ही चहा घेतला. मग, मी काही न विचारता, ते खांबाकडे बघत बोलू लागले. "मास्तर, मी वावरात जातो तं लोक साखळीकडं पायतात. धुऱ्याकडं, बांधाकडं पायतात. मोजून झालं का घरी जातात. खानावळीत ताट पायतात. स्पर्धेत खांबावर चढलं का दोन मिनिटं, तीन मानसं, फक्त आपल्याकडं पायतात. दुसरं कायीच नाई पायत. हे कधी झालं नाई मह्यासंग."

मला फार वाईट वाटलं. मी उठून एका वेताच्या खुर्चीवर बसलो आणि म्हटलं, "भाऊ, चढा. मी पाहतो."

ते हसले. "एकट्यानं नाई जमत. तीन लागतात." कितीही आग्रह केला तरी ते चढले नाहीत. मी निघताना खुर्च्या तशाच होत्या.

परतीच्या गाडीत मी ठरवलं की प्रौढ गटातलं एक नाव आपलं. लहानपणी चार वर्षं मी खांब केला होता, आणि पस्तिशीही आता तोंडावर आली होती. सरावाला लागलो. बायको म्हणाली, शाळेत पोरं हसतील. हसली. भाऊंनी माझी पहिली परीक्षा घेतली आणि सरळ नापास केलं. दुसऱ्यांदा पास केलं. परीक्षेला वयाची अट नव्हती, ती स्पर्धेला होती. चांदूर रेल्वेचा एक शिंपी पास होऊन बसला होता, त्याच्या घरी दोनदा जाऊन त्याला मी तयार केलं. तिघं झाले. भाऊ त्या महिन्यात कधी नव्हे ते शीळ घालत आखाड्यात यायचे.

हनुमान जयंतीच्या सकाळी ते गुळगुळीत दाढी करून आले. खांबावर हात ठेवला, हुंगला, खूश झाले. मग नेहमीप्रमाणे सचिवांकडून अर्ज घेतले आणि तपासायला बसले. स्वतःचा, शिंप्याचा, मग माझा. माझ्या अर्जावर ते थांबले.

"मास्तर, तुमचा जलम आखाडातला ना?"

कधीतरी बडनेऱ्याच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना मीच त्यांना हसत हसत सांगितलं होतं, की माझा जन्म आषाढातला, पण शाळेत लवकर घ्यावं म्हणून हेडमास्तरांनी मला चार महिन्यांनी वाढवून एक मार्च लिहून टाकलं. आमच्या वऱ्हाडात निम्मी माणसं अशीच हेडमास्तरांच्या मर्जीनं जन्मलेली आहेत. इतक्या वर्षांत मी स्वतःही एक मार्चच खरा धरू लागलो होतो. अर्जावर तेच लिहिलं होतं, आणि लिहिताना मनात खोट नव्हती.

"दाखल्यावर मार्च आहे," मी म्हटलं.

"मी दाखल्याचं नाई इचारलं."

चैत्र चालू होता. आषाढाला तीन महिने होते.

"भाऊ, कोणाला कळणार आहे?"

"मले कळलं ना," ते म्हणाले. फार हळू म्हणाले. मग त्यांनी माझ्या नावावर रेघ मारली, खाली 'गट रद्द' लिहिलं आणि सही केली. नंतर उठून परीक्षकाच्या खुर्चीत जाऊन बसले आणि दहा वर्षांच्या पोरांना संध्याकाळपर्यंत गुण देत राहिले.

मला राग आला होता. एक वर्ष मी कोणासाठी घाम गाळला? दर वेळी भाऊ परत निघाले की त्यांना टांग्यापर्यंत पोचवायला मी जायचो. त्या दिवशी गेलो नाही. व्यायामशाळेच्या ओट्यावर उगाच कागद जुळवत बसलो. त्यांनी फाटकाशी थांबून एकदा मागं पाहिलं. मी वर पाहिलं नाही. मग ते पिशवी काखेत मारून गेले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तेवढंच, तेही पाठमोरं आणि कागदाआडून. त्या माणसाला एवढंच तर हवं होतं, की कोणीतरी आपल्याकडे पाहावं. हे मला आजही खातं.

त्याच उन्हाळ्यात त्यांना लांबलांबच्या मोजण्या लागल्या आणि रविवारचं येणं बंद झालं. श्रावणात एक कार्ड आलं. 'मास्तर, आता तुम्ही खरोखर वयात बसता. सराव सोडू नका. दसरंग करताना तुमची पकड ढिली पडते.' मी उत्तर लिहायला बसलो, पण राग पुरता गेला नव्हता. आज लिहू, उद्या लिहू करत राहून गेलं. सराव मात्र सोडला नाही. फाल्गुनात त्यांचा अर्ज आला, सगळ्यांत आधी. त्यानंतर पंधरा दिवसांनी बार्शीटाकळीकडच्या एका शेतात मोजणी अर्धी झाली असताना ते जेवायला लिंबाखाली बसले आणि उठलेच नाहीत. साखळी धरणाऱ्या माणसाला वाटलं, डोळा लागला असेल. त्यानं बराच वेळ हाक मारली नाही.

त्या वर्षीच्या हनुमान जयंतीला सकाळी सचिव म्हणाले, "मास्तर, तुम्ही आणि शिंपी. दोघंच. रद्द करायचा ना?"

मी वही उघडून सातवा नियम त्यांच्यापुढे धरला. मुख्य परीक्षक म्हणून त्या वर्षी आमच्या मंडळातले एक निवृत्त ड्रिल मास्तर होते, भाऊंच्या नियमांना सगळ्यांत जास्त हसलेले. त्यांनी चष्मा लावून वाचलं. तीन नावे आली तरच, असं लिहिलं होतं. तीन माणसं असं लिहिलं नव्हतं. त्यांनी अर्ज मोजले. तीन होते, तिघांची वयं खरी होती.

"नेमात बसतं," ते म्हणाले.

अर्ज आधी आला म्हणून उतरायचा पहिला क्रमांक भाऊंचा होता. तीन परीक्षक येऊन खुर्च्यांवर बसले. खांबाला सकाळीच मी एरंडेल लावलं होतं. ड्रिल मास्तरांनी भाऊंचं पूर्ण नाव पुकारलं. इतक्या वर्षांत ते पूर्ण नाव आमच्यापैकी कोणी उच्चारलेलं मी ऐकलं नव्हतं. कोणी आलं नाही. वहीत त्याचाही नियम होता: 'न आल्यास दोन मिनिटे वाट पाहावी, प्रौढ माणसाला कामे असतात.' ड्रिल मास्तरांनी घड्याळ हातात घेतलं.

पोरं आधी कुजबुजत होती, मग तीही थांबली. ऊन खांबाच्या टोकावरून खाली सरकत होतं आणि तेल चमकत होतं. तिघं परीक्षक खांबाकडे बघत होते. तिघांपैकी एकानंही नजर हलवली नाही. मी शिंप्याशेजारी लंगोट कसून उभा होतो आणि मला समोरचं नीट दिसत नव्हतं.

दोन मिनिटं झाली. ड्रिल मास्तरांनी घड्याळ खाली ठेवलं, भाऊंच्या नावापुढे 'गैरहजर' लिहिलं, सही केली, आणि माझं नाव पुकारलं.