बर्फातले मीठ आणि रीमाचा तारा

माझ्या भावाची मुलगी रीमा हिची ही हकीकत आहे. आम्ही अर्नाळ्याचे. मासे सुकवणे व विकणे हाच आमच्या घरचा उद्योग. रीमा मात्र मुंबईच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करीत असे. साल २००२.

तिचे काम बकऱ्याच्या मेंदूवर चाले. मेंदूत अतिसूक्ष्म तंतू असतात आणि त्यांवर चालणाऱ्या, तितक्याच सूक्ष्म मोटरा असतात. एक मोटर दोन तंतू धरून त्यांच्या एकाच टोकाकडे चालत जाते. अशा असंख्य मोटरा चालल्या की सर्व टोके एका जागी गोळा होऊन ताऱ्याची आकृती तयार होते.

“पन त्यांना जागेवर कोन बसवते?” मी विचारले.

“कोणी नाही, आते. आपोआप बसतात.”

“आपल्या बाजारात बाया कधी आपोआप नाय बसल्या.”

ती हसली. त्या वर्षी ती हसल्याचे मला एवढेच आठवते.

परदेशात इतरांना असे तारे दिसले होते. रीमाला सात महिन्यांत एकही दिसला नाही. मार्चअखेर दिसला नाही तर तिची जागा दुसऱ्यास देण्यात येईल, असे तिच्या सरांनी सांगितले होते.

ताजा मेंदू खाटकाकडून आणून बर्फाच्या डब्यात भरून देणे हे काम माझे होते. ती डबा घेऊन जाई आणि सायंकाळी रिकामा डबा घेऊन परत येई. सर्व द्रव्ये तिने तीनदा नव्याने बनवली. “माझे हातच वाईट आहेत,” असे म्हणून ती ताटावरून उठे.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी मी डबा भरीत असताना ती जवळ उभी होती. मी बर्फावर मूठभर मीठ टाकले.

“आते, हे काय?”

“मीठ. गारवा टिकते. घोळ मासळीला नाय टाकत?”

“दर वेळी टाकतेस?”

“मग? तुझा मेंदू काय म्हावऱ्याहून हलका?”

ती खाली बसली. खाऱ्या पाण्यात मोटरांची तंतूवरची पकड सुटते, असे तिने हळू आवाजात सांगितले. ती मला रागावली नाही. रागावली असती तर मला सोसले असते.

मी तशीच आगाशीच्या खाटकाकडे जाऊन दुसरा मेंदू आणला आणि नुसत्या बर्फात भरून दिला.

सायंकाळी मी दारातच विचारले, “दिसला?”

“दिसला. मी सरांना बोलवायला धावले. सूक्ष्मदर्शकाचा दिवा चालूच राहिला, सर येईपर्यंत तारा तुटून गेला. त्या उजेडाने तंतू तुटतात, हे मला ठाऊक होतं, आते.”

“मग सर?”

“म्हणाले, फोटो कुठे आहे?”

मंगळवारी, मार्च संपला होता तरी, मी खाटकाकडे गेले. मेंदू आणून बर्फात ठेवला. मीठ टाकले नाही. रीमा अंथरुणातून उठली नाही. दुपारपर्यंत डब्यातील सर्व बर्फाचे पाणी झाले.