व्हाइटनर आन् सरांच्या रेघा

व्हाइटनरचं टोपण उघडलं की मला शिरूरचं ते डीटीपीचं दुकान आन् केंदूरचे रिटायर सर आठवत्यात. सरांनी शाळेतल्या पोरांना वाटायला विज्ञानाची पुस्तिका लिहिली व्हती आन् टायपिंग माझ्याकडं व्हतं. कंप्युटर लांब शब्द ओळीच्या शेवटी कुठंबी तोडायचा, म्हणून सर शेजारी खुर्ची टाकून बसायचे. "बाळा, 'प्रकाश' वरच्या ओळीत, मग छोटी रेघ, आन् 'संश्लेषण' खाली. शब्द कसा बनला ते पोरांना दिसाया पायजे." मी दोन दिवस एकेक रेघ हातानं टाइप केली, आन् सर चहाला गेले की त्यांच्याच घोगऱ्या आवाजात "बाळा, रेघ!" म्हणून दुकान हसवलं. सरांनी शेवटचं प्रूफ पास केलं. नंतर एक पान वाढतंय म्हणून मी अक्षर बारीक केलं आन् न बघताच छापायला सोडलं. सगळ्या ओळी सरकल्या आन् रेघा आल्या ओळींच्या मधोमध. दुसऱ्या दिवशी शाळेत वाटप. मालक वराडले, "कुणी केला ह्यो घोळ?" मी खाली वाकून प्रती मोजाया लागलो. सर म्हणले, "मीच प्रूफ नीट बघितलं न्हाई," आन् व्हाइटनर घेऊन एकेका प्रतीतल्या रेघा पुसत बसले. मीबी बसलो. जरा वेळानं हळूच म्हणले, "लई शांत झालास. कर की माझी नक्कल." म्हंजी त्यांना ठाऊक व्हतं. मी पुढची प्रत ओढली आन् रेघ पुसली. आज मी दौंडपातूर लग्नांत नकला करतो. दुकानातल्या जुन्या कुणी सरांची मागितली, तर म्हणतो, ती मला येत न्हाई.