पायगाडी सरांचा पाय

आमचे जीवशास्त्राचे सर तास चालत चालत घ्यायचे. फळा ते खिडकी, खिडकी ते मागचा बाक. वहीत लिहायचं की मान फिरवायची, तेच कळायचं नाही. देऊळगाव राजाच्या आमच्या कॉलेजात सगळे त्यांना पायगाडी सर म्हणत. त्यातून हे अनवाणी! चपला वर्गाबाहेर काढायच्या, हा त्यांचा नेम. विद्येच्या जागी पायात चामडं कशाला, असं म्हणायचे.

सर मूळचे शेगावकडचे, बोलीही तिकडचीच. पेशी एकमेकींशी बोलतात कशा, हा धडा ते जेवणाच्या आवतनावर शिकवायचे. "आवतन देणारा साऱ्या गल्लीतून जाते, पण जेवाले कोण येते? ज्याले आवतन हाय तोच. रक्तातला निरोपही साऱ्या पेशींच्या दारावरून जाते. ज्या पेशीले तो घ्यायची सोय हाय, तीच ऐकते." काही पेशी स्वतःच सोडलेला निरोप स्वतःच ऐकतात, हे सांगताना सर पुटपुटत एक फेरी जास्त मारायचे. आम्ही हसायचो, पण परीक्षेत नेमकं तेवढंच आठवायचं.

पुढे मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले. तोवर सरांना साखर निघाली होती. इन्सुलिन दारात उभं राहतं आणि पेशी दार उघडत नाही, हे आम्हाला घोटून शिकवणारा माणूस स्वतःच्या गोळ्या मात्र विसरायचा. घरी बायकोचं, आमच्या काकूंचं, ऐकत नव्हते, तिथे माझं काय ऐकणार! साखरेनं पाय बधिर होतात, चपला घाला म्हटलं की "हाव, हाव" करायचे आणि चालू पडायचे.

एका सकाळी मी घाईघाईत वर्गात मज्जासंस्थेचा तक्ता लावला. एक टाचणी हातातून पडली. नंतर शोधू म्हटलं आणि विसरले, मेलं माझं डोकं! दुपारी सरांचा तास चालू असताना दारातून डोकावले, तर फरशीवर फळ्यापासून खिडकीपर्यंत लाल ठिपके. टाचणी टाचेत रुतलेली आणि सर आपले शिकवतायत. मी ओरडले. त्यांनी पाय उचलून पाहिला आणि बाकावर बसले. सरांना वर्गात बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. "दुखूनच नाही राह्यलं," एवढंच बोलले.

पाय अजिबात टेकायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. चौथ्या दिवशी सर कॉलेजात हजर. जखम चिघळत गेली आणि शेवटी गुडघ्याखालून पाय काढावा लागला.

मी घरी भेटायला गेले. काकूंनी दिलेला चहा तसाच ठेवून मी बोलून टाकलं, "सर, ती टाचणी माझ्या हातून पडली होती."

खाटेवर सरांचा उरलेला पाय सारखा हलत होता.

"तो पाय होता तवा त्यानं निरोप धाडला नाही," मग ते म्हणाले. "आता नाही, तर दिवसभर धाडून राह्यला. अंगठा ठणकते, पोरी."

चादर जिथे सपाट पडली होती तिथे मी हात ठेवला आणि हळूच दाबलं.

"इथे?"

"जरा खाली," सर म्हणाले.