रिपोर्टवाल्या काकूंची मिठाची गुळणी

रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काउंटरवर बसायच्या त्या रिपोर्टवाल्या काकू. सव्वीस वर्षं त्यांनी पाकिटं वाटली, पण रांगेत कुणाचा आजार मोठ्याने वाचला असेल तर शपथ. आता तुम्ही म्हणाल, अशा बाईचा कॉम्प्युटरच्या प्रोग्रामशी काय संबंध? तर ऐका.

रिपोर्ट मोबाइलवर जाऊ लागले आणि काउंटर बंद करायचं ठरलं. लॅबचे डॉक्टर म्हणाले, "काकू, कॉम्प्युटरवर स्वतः केलेलं काहीतरी शनिवारपर्यंत दाखवा. मग आत रेकॉर्डच्या कामावर घेतो."

काकूंचा जीव टांगणीला लागला. त्यांची भाची प्रोग्राम लिहायची. तिने एक प्रकल्प उघडून दिला. फायलींत चुकून राहिलेले पासवर्ड हुडकणारा प्रोग्राम. जगभरची माणसं मिळून तो फुकटात सांभाळतात.

"आत्या, यात कुणीही हातभार लावू शकतं. नवख्यांसाठी सोपी कामं वेगळी काढलीत."

"सोपी म्हणजे किती?"

"तुला जमतील इतकी."

"मग अवघडच म्हणायची."

तीन दिवस तर प्रोग्राम नुसता बसवण्यातच गेले. एक सूचना पाळावी, तर दोन नव्या चुका डोळे वटारून उभ्या. काकूंना वाटे, आपलंच डोकं जुनं. बुधवारी एकदाचा तो चालला.

चालतो का बघावं म्हणून काकूंनी एका फाइलीत मनचाच एक पासवर्ड लिहून ठेवला. प्रोग्रामने तो शोधला, आणि आपल्या अहवालात अख्खाच्या अख्खा छापून टाकला, तोही त्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्या कुणालाही उघडता येईल अशा जागी. पहारेकऱ्याने सापडलेली किल्ली चौकात टांगावी, तसं. हे असंच असतं, की आपलं काही चुकलं? काकू पार बुचकळ्यात पडल्या. तीनदा करून पाहिलं. तिन्हीदा तेच.

"आत्या, मोठा दोष सापडला तुला," भाची फोनवर म्हणाली. "प्रकल्पाच्या फलकावर लिही. नाव येईल. शनिवारी तेच दाखव."

"फलक वाचतं कोण?"

"सगळं जग."

"चोरसुद्धा?"

"तेही वाचत असतीलच म्हणा."

काकूंचं बोट बटणावरून मागे आलं. दुसऱ्याचं दुखणं असं चव्हाट्यावर मांडायचं? त्या प्रकल्पाची पानं चाळत बसल्या. एका कोपऱ्यात सापडलंच: सुरक्षेतले दोष फलकावर लिहू नका, या पत्त्यावर खाजगी कळवा. काकूंनी कळवलं. शुक्रवारी उत्तर आलं: दोष खरा आहे, आभार. दुरुस्तीला तीन आठवडे लागतील, तोवर कृपया कुणाला सांगू नका. मग तुमचं नाव देऊ.

हसावं की रडावं, काकूंना कळेना.

शनिवारी डॉक्टर म्हणाले, "दाखवा."

"केलंय. पण दाखवता येत नाही."

"म्हणजे?"

"दुसऱ्याचं दुखणं आहे. तीन आठवडे बोलायचं नाही."

"मला सांगायला काय हरकत आहे? मी काय बाहेरचा?"

"रिपोर्ट ज्याचा त्यालाच द्यायचा, साहेब. पाटी तुम्हीच लावलीय."

डॉक्टरांनी काउंटरवरच्या पाटीकडे पाहिलं. "मग मी यातून काय समजायचं?"

"मलाही नीटसं समजलेलं नाही," काकू खरं तेच बोलल्या.

डॉक्टरांनी कॅलेंडरवर बोट ठेवलं. "तीन आठवडे ना? तोवर काउंटर राहू दे."

काकू जागेवर येऊन बसल्या. रांगेतल्या पहिल्या माणसाने मान पुढे काढली. "काय म्हणाले हो डॉक्टर?"

काकूंनी त्याचं पाकीट पालथं करून पुढे सरकवलं.