वरचे दात

आंधळगावच्या बाजारात सुकी मासोळी विकणाऱ्या शकुनबाईशी भाव करायची कोणाची टाप नाई. माह्यं मिरचीचं दुकान तिच्या बाजूलेच, म्हणून सांगून राहिली. कोणी जास्त घासाघीस केली का ती मासोळी परत टोपलीत टाकते अन् म्हणते, जा, घरी वरण खा.

तिची पोरगी अपेक्षा आंबागडले देली. तिच्या लेकराले, गोलूले, पहिले वरचे दात आले. झालं! विहीणबाई सुलोचनाबाईनं निरोप धाडला, वरचे दात पहिले म्हणजे मामाले जड. मामानं चांदीची वाटी आणावी, तिच्यातल्या तेलात आपलं तोंड पाहावं, तोवर भाच्याचं तोंड पाहू नाई. शकुनबाईले पोरगा एकच, धर्मेंद्र. बाजारात ती यावर हसली, पण पोराले काही आंबागडले जाऊ देलं नाई. भेव तिलेही होतं, काहून खोटं बोलू?

मंग एका बाजाराच्या दिवशी अपेक्षाचा फोन आला. गोलूले ताप, पातळ संडास, डोळे खोल गेले, दूधही पीत नाई. जावई कामाले नागपुरात, अन् घरचे म्हणत, दाताचंच हाय, सगळ्याच लेकराईले होते.

शकुनबाईचा हात तराजूवरच थांबला. तिची पहिली पोरगी अशीच गेली होती. तवाही सारं गाव 'दाताचं हाय' म्हणत राह्यलं. दवाखान्यात नेलं तवा डॉक्टरनं सांगितलं, दातानं लाळ गळते, हिरड्या दुखतात, लेकरू चिडते, हाती येईल ते चावते. पण असा ताप अन् अशी हागवण दाताची नसते. रांगतं लेकरू अंगणातलं काहीबाही तोंडात घालते, त्याची असते. पण तवर तिच्या अंगातलं पाणी सरलं होतं, उशीर झाला होता.

टोपली माह्या भरोशावर टाकून ती उठली. घरात गाडी एकच, अन् चालवणारा धर्मेंद्र. त्याले म्हणाली, चल. तो म्हणाला, माय, तुलेच तं भेव वाटत होतं. ती म्हणाली, वाटतेच. चल.

आंबागडले सुलोचनाबाई दारात आडवी आली. बाई वाईट नाई, दुसऱ्याच्या पोराचं पाप आपल्या माथी नको, एवढंच तिले वाटे. धर्मेंद्रले काही झालं तं मले बोल लावू नका, म्हणाली.

शकुनबाईनं पोराचा हात धरून त्याले सरळ पाळण्याजवळ उभं केलं.

"पाय, डोळे उघडून पाय. माह्या पोराचं नशीब या लेकराच्या दातात नाई. पण हे लेकरू आज इथंच राह्यलं तं जाईल."

एकाच गाडीवर धर्मेंद्र, अपेक्षा अन् शकुनबाई, लेकरू मधात, तसेच तुमसरच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरनं लगेच सलाईन लावली.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेली तं गोलू मामाचं बोट चावून राह्यला होता, त्याच वरच्या दातानं. धर्मेंद्र कण्हे अन् हसे. सुलोचनाबाई खाटेच्या पायथ्याशी बसली होती. हळूच म्हणाली, आता तरी वाटीचं करून घेऊ का?

"आणली न वाटी," शकुनबाई म्हणाली, अन् स्टीलची वाटी तिच्या हातात देली. "ओआरएसचं पाणी हाय. घ्या विहीणबाई, नातवाले चमच्या-चमच्यानं पाजा."